खोटं बोलणारं खोकं

आश्विन इतरांना डोळ्यांनी दिसतो, मला तो कानांनी कळतो. पावसाळाभर फुगून अडून बसलेली दारं एके दिवशी चौकटीत शहाण्यासारखी बसतात, कडी लागल्याचा कोरडा खट् असा आवाज येतो आणि मी समजते, आला. मग पितळेच्या दुकानांतून दिवाळीआधीच्या घासाघाशीचा किणकिणाट सुरू होतो. उकडलेल्या शिंगाड्यांच्या टोपल्या फरशीवर सरकू लागतात. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी कुणाच्या तरी ओसरीवर भुलाबाई मांडून गाणी म्हणायला बसतात. गाणी संपत आली की मी हातातली खळ पदराला पुसत दारात येऊन उभी राहते, या वयातही, कारण पुढचा क्षण मला चुकवायचा नसतो. घरची बाई आतून झाकण लावलेला डबा आणते, पोरींच्या कानांशी नेऊन खुळखुळवते आणि विचारते, "ओळखा, आत काय?"

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भुलाबाई आणि भुलोजी हे मातीचं जोडपं आमच्याकडे माहेरपणाला येतं आणि कोजागिरीला पाण्यात जातं. तोवर रोज एका घरी गाणी आणि त्या घरचा खाऊ. पण खाऊ बंद डब्यात. वाजवून ओळखायचा. ओळखला तर हातावर पडणार, नाही ओळखला तर सगळ्यांनी मिळून 'हरलो' म्हणायचं, मगच झाकण निघणार. 'हरलो' म्हणण्यापेक्षा उपाशी घरी जाऊ, अशी आमची पिढी होती. त्यामुळे भंडाऱ्यातल्या बायकांचे कान काय तयार झालेत, म्हणून सांगू! मी स्वतः फुटाणे कोणत्या भट्टीतले ते सांगत असे. एकदा लाह्यांच्या डब्यात चुकून शिरलेली मुंगी मी ओळखली होती. लंगडत होती बिचारी. हसा खुशाल, डबा उघडल्यावर सगळ्यांनी पाहिली.

पण माझ्या ताराआत्यापुढे मी ठार बहिरी. आत्या साकोलीकडची, एकोडीची. धानाची शेती, खणखणीत आवाज आणि देवाने दिलेले ते कान. आपल्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधावर बसून ती जाहीर करते की गोसीखुर्द धरणाचं दार उघडलं. मध्ये अख्खा जिल्हा पडलेला आहे. पण फोन लावून खात्री करून घ्यायची आजवर कुणाची हिंमत झाली नाही, कारण ती चुकलेली निघाली तर तिला सांगणार कोण? भुलाबाईत ती जन्मात कधी 'हरलो' म्हणाली नाही. हे मात्र मी फुगवून सांगत नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि हेच मला त्या आश्विनात नडलं.

माझा धंदा खोक्यांचा. पेढ्यांची खोकी, साड्यांची खोकी, लग्नाच्या आहेराची खोकी. पुठ्ठा कापायचा, घडीची रेघ पाडायची, खळ लावायची, कागद चढवायचा. माझ्या खोक्यांची मजबुती तुम्हाला काय सांगू! एकदा बसस्टँडवर पेढ्यांच्या खोक्यावरून एसटी गेली. खोकं तसंच. ड्रायव्हर मात्र खाली उतरून टायर तपासत होता. तर अशा माझ्याकडे त्या वर्षी, भुलाबाई बसायच्या सुमारास, वंदना आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

वंदना माझी लहानपणची मैत्रीण, आणि आता भिंतीला भिंत लागून शेजारीण. कोष्ट्यांचं घर. समोरच्या खोलीत हातमाग, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा जुन्या पद्धतीचा. नवरा ऑटो चालवतो, माग ती चालवते. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणून उरलेल्या कापडाच्या तुकड्यांतून ती बाहुल्या करायला लागली होती. फडकं सोडलं तर आत पाचजणी. हाताएवढ्या. एक रोवणारीण, कमरेला पदर खोचून, हातात हिरव्या सुताची रोपं. एक कोष्टीण, तिच्या हातात लाकडाचा इवलासा धोटा. एक मासेवाली, बांबूची टोपली घेऊन. एक डोक्यावर खऱ्या पितळेची घागर घेतलेली. आणि पाचवी पाटावर मांडी घालून बसलेली, जरीकाठी, नाकात नथ. भुलाबाई.

"नागपूरच्या मॅडमने पाह्यल्या," वंदना म्हणाली. "मोठ्या मोठ्या दुकानाईत ठेवतो म्हणते. पण खोकं पायजे."

"मग मी कायले बसली आहे इथं?"

"तसं खोकं नाई वं. आतली कोन आहे ते कळलं नाई पायजे."

त्या मॅडम म्हणजे रेवतीताई. त्यांनी मला नंतर फोनवर समजावून सांगितलं. हल्ली मोठी माणसं बाहुल्या जमवतात. खेळत नाहीत, जमवतात. काचेच्या कपाटात ओळीने उभ्या करतात. खोकं बंद असतं. पाचांपैकी कोणती निघेल ते घरी जाऊन उघडल्यावरच कळतं. भुलाबाई क्वचित निघावी, म्हणजे ती मिळेपर्यंत माणूस पुन्हा पुन्हा येतो. "पण बाहेरून ओळखता आली की सगळं संपलं," त्या म्हणाल्या. "लोक भुलाबाई तेवढी निवडून नेतील आणि बाकीच्या चौघी दुकानात धूळ खात पडतील. आणि हे बघा, माझी आई वर्ध्याची. मीही भुलाबाईचे डबे वाजवलेत. त्यामुळे मला फसवू नका." कोजागिरीला येते, म्हणाल्या. खोकं जमलं तर काम पक्कं, नाहीतर त्यांच्याकडे दुसरीकडच्या लाकडी बाहुल्या तयार होत्या.

मला गंमत वाटली होती ती जमवण्याची. आम्ही दरवर्षी बाहुली बुडवणारी माणसं. महिनाभर जिला गाणी म्हटली, जिला हळदीकुंकू लावलं, तिला कोजागिरीला पाण्यात सोडून हात झटकत घरी येतो आणि वाटेत चिवडा खातो. पुढच्या वर्षी ती परत येणार याची आम्हाला खात्री असते. काचेच्या कपाटात बाहुली ठेवणाऱ्याला बहुतेक ती खात्री नसावी. पण हे विचार मी नंतर केले. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता, कारण वंदनाच्या ओसरीवर सिमेंटच्या गोण्या येऊन पडल्या होत्या.

गोण्या आणल्या होत्या तिच्या दिराने, प्रकाशभाऊंनी. मागाची खोली रस्त्यावरची. त्यांना तिथे मोबाईलचं दुकान टाकायचं होतं. मागाचा खड्डा बुजवायचा, वर फरशी, समोर शटर. माणूस वाईट नव्हता. ओसरीवर बसून तो मला म्हणाला होता, "कुंदाताई, मी काई दुष्मन नाई ना बाप्पा. पण वयनी दिवसाले दोन वीत इनते न् खोली अडवून बसते. हे बाहुल्याईचं काम पक्कं झालं त माग राहू द्या. नाई झालं त कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी खड्डा बुजवतो."

वंदना तेव्हा गोण्यांवर प्लास्टिक पांघरत होती. पाऊस गेला होता, आकाश धुतल्यासारखं निळं होतं, तरी पांघरत होती. सिमेंट भिजलं असतं तर तिचंच काम झालं असतं. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू हाय वं, खराब काहून होऊ द्याची?" त्या वाक्याने माझ्या डोक्यात जो खिळा बसला तो बसलाच. मी ठरवलं, हे खोकं मी करणार. वैनगंगा उलटी वाहिली तरी करणार.

पहिलं खोकं मी इतकं देखणं केलं की बाहुलीला ते घालून मिरवावंसं वाटलं असतं. झाकणावर पोटरीला आलेल्या धानाचा हिरवा रंग, कडेला कोशाच्या साडीचा काठ, आत पुठ्ठ्याची बैठक. पाचही खोकी एकसारखी. त्या संध्याकाळी वंदनाकडे भुलाबाई होती. गाणी संपल्यावर आम्ही डब्याऐवजी ही खोकी पोरींपुढे ठेवली.

आता यात माझा मूर्खपणा बघा. जगात कुठेही नेलं असतं तर ते खोकं पास झालं असतं. बाकीच्या ठिकाणी माणसं खोकं बघतात, वाचतात, फार तर उलटं करतात. मी ते अशा पोरींपुढे ठेवलं ज्या दूध सुटायच्या आधी डबे वाजवायला शिकलेल्या.

"काकू, हे त घागरवाली! टिणटिण करून राहिली."

"ही कोष्टीण. लाकूड वाजते."

"टोपलीवाली घासते न वो काकू, खरखर खरखर."

"ही वाजतच नाही, म्हणजे रोवणारीण."

"आणि हे धप् झालं, म्हणजे बसलेली. भुलाबाई! काकू, खाऊ कुठं आहे?"

गाणी म्हणायला जेवढा वेळ लागला असेल त्याच्या चिमूटभर वेळात पाचही ओळखल्या. वर खाऊ मागून नेला.

मग मी बाहुल्या आतून बांधून टाकल्या. वंदनाच्या मागावर उरलेल्या सुताचा गुंता भरपूर होता. तो चहूबाजूंनी असा ठासला की बाहुलीला उसासाही टाकता येऊ नये. खोकं हलवलं तर आत मिट्ट शांतता. पुन्हा बोलावलेल्या पोरींना एकही ओळखता येईना. मी वंदनाच्या मांडीवर थाप मारली. आणि नेमकी तेव्हा ओसरीच्या पायरीवरून हाक आली, "कुंदे, हे काय मांडून बसली वं?"

ताराआत्या. साकोलीच्या बसने उतरून थेट तिकडेच आलेली, एका हातात सीताफळांची थैली, दुसऱ्या हातात चप्पल, कारण नवीन चप्पल ती गावात शिरल्यावर काढून हातात घेते. माझ्या घरी भुलाबाईसाठी ती दरवर्षी येते आणि कोजागिरी करूनच जाते. तिने सगळं ऐकून घेतलं, एक खोकं उचललं, तळहातावर ठेवलं आणि डोळे मिटले.

"घागर," ती म्हणाली.

"वाजली तर नाही!"

"वाजाले कायले पायजे? पितळ जड राह्यते. मले काय बयताड समजली काय तू?"

दुसऱ्या दिवशी मी किराण्याच्या काट्यावर पाचही खोकी सारख्या वजनाची करून आणली, हलक्यांच्या तळाला वाळूच्या पुड्या लावून. आत्याने खोकं उभं धरलं, हळूच कलतं केलं. "हे मुंडक्याकून झुकते. उभी हाय. घागरवाली. आन् ही पाह्य, बूड सोडत नाई. बसली हाय. तुयी भुलाबाई." तिसऱ्यांदा मी धानाची तणस, म्हणजे वाळका पेंढा, भरली, म्हटलं, पितळेची भांडी तणसीत बांधून गावोगाव गेली, ही का जाऊ नये? आत्याने ते खोकं कानाला लावलंच नाही, नाकाला लावलं. "कोशाच्या लुगड्याचा वास येते. जरीवाली." तणसीतून कोशाचा वास! मला आजही वाटतं तिने तेव्हा थाप मारली आणि ती बरोबर निघाली. आमच्या घराण्यात असं होतं.

मी तिच्यावर चिडले. "आत्या, तू वंदनाच्या वाईटावर आहेस का?"

तिने सीताफळाची बी अंगणात थुंकली. "मी चूप बसली, त थे नागपूरवाली चूप बसन काय? तिले उल्लू बनवाचं हाय त आधी मले बनव. मी हरली म्हनन त खोकं पास."

तिचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त राग आला. पण त्या रागाने एक केलं. तोवर मी खोकं बनवत होते, तिथून पुढे मी आत्याविरुद्ध खोकं बनवायला लागले. माणसाला समोर कुणीतरी लागतं. पुठ्ठ्याशी काय भांडणार?

आश्विनातलं ऊन वाढत होतं. दुपारी ते इतकं स्वच्छ पडतं की नदीकाठची वाळू एकेक कण वेगळा दाखवते. बांधीतलं हलकं, लवकर पिकणारं धान पिवळं पडून मान टाकायला लागलं की एकोडीहून येणाऱ्या बसच्या खिडकीतूनही त्याचा दुधाळ, गोडसर वास येतो, आत्या तर म्हणते त्याचा आवाजही येतो, भरलेली लोंबी एकमेकीला लागते तेव्हा. मी त्या ऋतूत यातलं काही धड पाहिलं नाही. माझ्या घरात पुठ्ठ्याच्या कातरणाचा ढीग वाढत होता. उठता बसता मी वस्तू हलवून बघत होते. तिखटाचा डबा, काडेपेटी, नवऱ्याचं चष्म्याचं घर. नवरा म्हणाला, "मलाही हलवून पाहा, आत काही उरलं आहे का." मी म्हटलं, "तुम्ही वाजत नाही, म्हणजे रोवणारीण."

कोजागिरी अगदी तोंडावर आली तेव्हाची दुपार. मी वंदनाकडे गेले, खरं तर नाही जमत हे सांगायला. ती मागावर बसली होती. पाय खड्ड्यात, हात दोरीवर, धोटा इकडून तिकडे पळत होता. खट् खटाक्, खट् खटाक्. मी उंबऱ्यावरच बसले. हा आवाज मी जन्मभर भिंतीपलीकडून ऐकलेला, कधी लक्ष देऊन ऐकलेला नाही, जसं आपण आपलंच घोरणं ऐकत नाही. त्या दिवशी लक्ष दिलं आणि त्यात मला काहीतरी भलतंच ऐकू आलं. प्रत्येक खटाक् नंतर एक बारीकसं टक.

"वंदना, तुझ्या मागाचं काहीतरी सुटलं आहे. खिळा असेल."

"कुठं?"

"ऐक ना. खट् खटाक् टक."

ती हात न थांबवता हसली. त्या ऋतूत मी तिला हसताना तेव्हाच पाहिलं. "तो खिळा नोहे वं. रिठा होय. फळीवरच्या डब्यात एकच उरला. कोसा धुवाले आणले होते. माग हालला का तो उडते."

मी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. आत एक वाळका काळा रिठा होता, सुपारीपेक्षा थोडा मोठा. जन्मभर डबे ओळखणारी मी, एका रिठ्याने मला अख्खा माग मोडका वाटायला लावला होता. आणि तो रिठा हातावर घेतला तेव्हा मला माझी आई आठवली. आठवली म्हणजे काय, ती डबा घेऊन समोरच येऊन उभी राहिली.

आमच्याकडच्या भुलाबाईची संध्याकाळ. आई डबा वाजवते आहे आणि आतून टकटक टकटक. आम्ही पोरी ओरडतो आहोत, शेंगदाणे, सुपारी, खारका, बोरं, आवळे, लाडू. आई दरवेळी मान हलवते. ओरडून आमचे घसे बसले. शेवटी रडकुंडीला येऊन सगळ्या म्हणाल्या, हरलो. झाकण निघालं तर आत गरम शिरा, ज्याला जगात आवाज नाही. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला दोऱ्याने सैल बांधलेला एक रिठा. आम्ही गोंधळ घातला, ही लबाडी आहे, असं चालत नाही. आई शांतपणे शिरा वाढत म्हणाली होती, "डब्यात काय हाय ते इचारलं म्या. काय वाजून राह्यलं ते कोनं इचारलं?"

मी वंदनाचा माग थांबवला. हो, हात धरून थांबवला. म्हटलं, "आपण येड्यासारखं खोक्याला मुकं करत बसलो. खोक्याला मुकं करायचंच नाही. त्याला खोटं बोलायला शिकवायचं!"

"म्हंजे?"

"म्हणजे माझ्यासारखं करायचं."

खोटं बोलण्याचं एक शास्त्र आहे आणि ते मी फुकट सांगत नाही, पण आज सांगते. गप्प बसणाऱ्यावर लोक संशय घेतात. भरपूर आणि मोकळेपणाने बोलणाऱ्याचं ऐकत बसतात, आणि ज्या गोष्टीवर झाकण ठेवायचं ती गोष्ट त्या बडबडीखाली आरामात झोपते. मी तेच खोक्याला लावलं. वरच्या कप्प्यात सुताच्या गुंत्यात घट्ट बसवलेली बाहुली, पाचही जणी वजनाला सारख्या. खाली दुसरा तळ, आणि दोन तळांच्या मधल्या जागेत एक मोकळी वस्तू. कुठे रिठा, कुठे चिंचोके, कुठे सुपारी, कुठे पितळेची कडी, कुठे आत्यानेच थुंकलेल्या सीताफळाच्या बिया. कोणत्या बाहुलीखाली काय, याला काही नियम नाही. वंदना डोळे मिटून हाताला लागेल ते टाकत होती. ती वस्तू अशी धावे की खोकं कलतं केलं तरी झुकतं कोण ते कळू नये. सगळी जोडणी झाल्यावर आम्ही खोकी मिसळली आणि मी एक हलवून पाहिलं. टिणटिण. "घागर," मी म्हणाले. उघडलं तर मासेवाली, टोपली सावरून माझ्याकडे बघत होती. एवढं छान मला कुणी आजवर फसवलेलं नव्हतं.

झाकणावरचं छापायचं तेवढं राहिलं होतं. तिथे मी धानाच्या चित्राखाली लिहिलं: हलवा, ऐका, ओळखा.

कोजागिरीच्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा रेवतीताई आल्या. वंदनाच्या अंगणात दुधाचं पातेलं नुकतंच चुलीवर चढलं होतं. ओसरीवर पोरी, गोण्यांवर टेकून प्रकाशभाऊ, आणि पाटावर, न्यायाधीश बसावा तशी, ताराआत्या. रेवतीताईंनी झाकण वाचलं आणि कपाळाला आठी घातली. "अहो, हलवा? मी म्हटलं होतं, ओळखू येता कामा नये!"

"तुम्ही आधी आत्याला हरू द्या," मी म्हणाले. वंदना दुधात कलथा फिरवत होती. दूध अजून तापलंही नव्हतं.

आत्याने एक खोकं उचललं. हलवलं. टकटक. पुन्हा हलवलं. तळहातावर तोललं. कलतं केलं. नाकाला लावलं. पुन्हा कानाला. तिच्या कपाळावर मी कधी न पाहिलेली एक रेघ उमटली. एरवी एका झटक्यात जाहीर करणारी बाई, ती आता पदर सावरून नीट बसली. अंगणात चुलीतल्या लाकडाशिवाय काही वाजत नव्हतं.

"कोष्टीन," ती म्हणाली. "लाकूड हाय ते. धोटा होय."

वंदनाने कलथा तिथेच ठेवला, हात पुसले आणि झाकण उघडलं. सुताच्या गुंत्यातून नथ चमकली. भुलाबाई.

पोरी किंचाळल्या. आत्या म्हणाली, "थांबा! दुसरं आना." दुसरं आणलं. तिने ते इतकं जोरात हलवलं की आतली बाई ओकली असती. "बिया होय. म्हंजे..." ती थबकली. "बिया कोनाच्याच हातात नाई ना वं." मग हिरमुसून म्हणाली, "रोवणारीन." निघाली घागरवाली. तिसरं तिने हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि न हलवताच खाली ठेवलं.

"हरली बाप्पा, हरली!"

एकोडीपासून भंडाऱ्यापर्यंत हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. झाडावरचे बगळे उडाले. खरंच उडाले, प्रकाशभाऊंना विचारा. मग ती माझ्याकडे वळली. "वाजून राह्यलं लाकूड आन् निंगाली भुलाबाई. हे कोनतं खोकं होय वं? खोटारडं!"

"आत्या, खोक्यात काय हाय ते विचारलं म्या," मी म्हणाले. "काय वाजून राह्यलं ते कोनं विचारलं?"

आत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "हे त माह्या वयनीचं बोलनं होय," ती हळूच म्हणाली. मग पदराने नाक पुसून मोठ्याने, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, "मेली तरी मले हरवून राह्यली पाहा तुयी माय!"

रेवतीताई तोवर खोकं हलवत बसल्या होत्या. हलवत होत्या, हसत होत्या, एक ठेवून दुसरं उचलत होत्या. "हे दुकानात लोक खाली ठेवणारच नाहीत," त्या म्हणाल्या. "हलवा तर हलवा, राहू द्या तसंच. काम पक्कं." वंदनाने दुधाकडे तोंड फिरवलं. तिच्या पाठीवरून मला कळलं. पाठीलाही आवाज असतो, लावा कान कधी.

सिमेंट वाया गेलं नाही. प्रकाशभाऊंनी त्यातून मागाच्या खोलीची झिजलेली पायरी आणि पाणी झिरपणारा मागाचा खड्डा, दोन्ही नीट बांधून दिले. खड्डा बुजवायला आणलेलं सिमेंट खड्डा राखायला लागलं. त्यांचं दुकान आता बसस्टँडकडे आहे. माझ्या मोबाईलची काच फुटली की मी तिथेच जाते आणि ते मला दरवेळी विचारतात, "कुंदाताई, फुटली का फोडली?"

आज हे लिहायला बसले कारण सकाळी दाराची कडी कोरड्या आवाजात लागली. मग दुपारच्या बसने आत्या आली. आता तिला कमी दिसतं, चप्पल मात्र अजून हातात. ती दरवर्षी येताना एकोडीहून काहीतरी आणते, खोक्याच्या तळात टाकायला. यंदा जांभळाच्या वाळलेल्या बिया. "या कोनाले ओळखू नाई येत," म्हणाली, आणि मला न विचारता तयार खोक्यांपैकी एक उचलून हलवायला बसली. ती अजून हरते. दर आश्विनात हरते, आणि दर आश्विनात नव्या जिद्दीने येते. मी म्हटलं, "आत्या, पुरे कर आता." ती म्हणाली, "मराच्या आधी एक डाव त बरोबर सांगनच मी. पाहजो."

संध्याकाळी वंदनाकडे भुलाबाई. आम्ही दोघी गेलो तेव्हा पोरी ओसरीवर जमलेल्या आणि मागाच्या खोलीचं दार लोटलेलं. आत्याला खोड्या सुचल्याशिवाय राहवत नाही. ती बंद दाराशी काठी टेकून उभी राहिली आणि पोरींना म्हणाली, "चला पोट्ट्याहो, ओळखा. अंदर काय हाय?"

पोरींनी दाराला कान लावले. दारामागून खट् खटाक्, खट् खटाक्. आणि मागोमाग, फळीवरच्या डब्यातून, बारीकसं टक.

"हे काय ओळखायचं, आजी!" पोरी हसल्या. "वंदनाकाकू विणून राहिली."